कंबर आणि पट्टा

आमच्या घराच्या ओटीवर एका खुंटीला गेली कित्येक वर्षं एक जुनं इरलं लटकलेलं आहे. बांबूच्या कामट्या पार काळ्या पडल्यात, वरची पानं केव्हाच झडून गेलीत. ते टाकून द्यायचा विषय निघाला की आई म्हणते, "राहू दे गो, काय खायला मागतंय?" आता त्याच खुंटीला अजून एक वस्तू येऊन लटकली आहे. तिची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या निमित्ताने मनात जे घोळतंय तेही.

माझं माहेर मिरजोळे, रत्नागिरीला अगदी लागून. बाहेरच्या माणसाला मिरजोळे म्हटलं की एमआयडीसी आठवते, नाहीतर विमानतळ. पण त्या दोन्हींच्या मधल्या खोलगट जागांत अजून थोडी भातशेती शिल्लक आहे. आमची मिळून दहा-बारा गुंठे असेल. लावणीला मजूर मिळत नाही, कारण तरुण मुली आणि सुना मासळीच्या नाहीतर आणखी कुठल्या कंपनीत जातात. तिथे निदान डोक्यावर छप्पर असतं आणि महिन्याला पगार. मग लावणी करतं कोण? घरची वहिनी, शेजारच्या दोन काकू, आणि सुट्टी काढून आलेच तर मी. दादा नांगरणी-चिखलणी बघतो.

तर झालं असं की, माझा लेक पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने आणि त्याच्या मित्रांनी वाकून काम करणाऱ्यांसाठी एक पट्टा तयार केला. खांद्यात अडकवायचे दोन पट्टे, मांड्यांभोवती दोन पट्टे, आणि पाठीवरून खाली त्यांना जोडणाऱ्या दोन जाड रबरी पट्ट्या. मोटर नाही, बॅटरी नाही. वाकलं की रबर ताणलं जातं आणि ते तुम्हाला मागे ओढून धरतं. गेल्या जुलैत आम्ही लावणीला गेलो तेव्हा स्वारी तो पट्टा बॅगेत घालून आली. "आई, फिल्ड ट्रायल!" म्हणे. ट्रायल कोणावर? अर्थात मामीवर. :)

आधी यातलं शास्त्र, जेवढं मला लेकाने समजावलं आणि जेवढं मी नंतर वाचलं तेवढं सांगते. आपण कमरेतून पुढे वाकतो तेव्हा डोकं, हात आणि धड असं मिळून जवळजवळ अर्ध्या शरीराचं वजन हवेत पुढे लोंबतं. ते तोलून धरायचं काम मणक्याला चिकटून असलेल्या स्नायूंचं. पण हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर आहेत आणि वजन त्याच्या चार-पाचपट लांब. तागडीचा हिशेब आहे हा. जवळच्या बाजूने तोलायचं तर ताकद कितीतरी पट लावावी लागते. पंचवीस किलोचं धड तोलायला स्नायूंना शंभर-सव्वाशे किलोइतकी ओढ द्यावी लागते, हा ढोबळ आकडा. मणक्यांमधल्या गादीवरही तो दाब येतो. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका माणसाच्या कमरेच्या गादीत सेन्सर बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. सरळ उभं असताना जेवढा, त्याच्या दुपटीहून जास्त नुसतं पुढे वाकल्यावर. हातात काही न उचलता!

पाठीवरून जाणारी रबरी पट्टी इथे मदतीला येते. ती स्नायूंच्याही बाहेर, मणक्यापासून जास्त लांब असते, त्यामुळे थोड्या ओढीतही तिचा उपयोग जास्त होतो. जणू पाठीला बाहेरून अजून एक स्नायू लावला. मेडिकलच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा वेगळा बरं का. तो कमरेला फक्त आवळतो, वजनाचा वाटा उचलत नाही. अमेरिकेत १६० दुकानांमधल्या सामान उचलणाऱ्या ९,३७७ कामगारांना धरून एक मोठा अभ्यास झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा लावणाऱ्यांची पाठ न लावणाऱ्यांपेक्षा कमी दुखते असं काही त्यात दिसलं नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे पट्टे सरसकट देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे घरटी एक तरी पट्टा कपाटात असतोच. आमच्याकडे दोन आहेत!

पण लेकाने केला तसल्या, वजन वाटून घेणाऱ्या साधनांचं तसं नाही. नेदरलँड्समध्ये अशाच एका साधनाची १८ जणांवर चाचणी झाली, तिचा निबंध २०१६ चा आहे. वाकून जुळणीचं काम करणं आणि नुसतं वाकून राहणं, दोन्हींत पाठीच्या स्नायूंचं काम ३५ ते ३८ टक्क्यांनी कमी झालं. कमरेला होणारा त्रासही कमी झाला. आणि वाकलेल्या स्थितीत माणसं सरासरी ३.२ मिनिटं टिकत होती ती ९.७ मिनिटं टिकली.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवतीच आहे.

तर लावणीचा पहिला दिवस. पाऊस असा की समोरचा बांध दिसेना. वहिनीने साडीचा काष्टा घातला, त्यावर पट्टा चढवला, वरून प्लॅस्टिकची खोळ. मांडीचे पट्टे साडीवर बसेनात, मग तिने सरळ आत माझी लेगिंग घातली. शेजारच्या काकू हसून हसून बेजार. "काय गो, बैलाचं जू काय हे?" अर्ध्या तासाने वहिनीने वर बघितलं आणि म्हणाली, "अरे खरंच रे! कुणीतरी मागून पदर धरून ठेवल्यासारखं वाटतंय." लेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुपारपर्यंत इतर गोष्टी कळायला लागल्या. ओल्या पट्ट्याने मांडीची कातडी सोलवटली. खांद्याचे पट्टे छातीला दाबत होते. डच चाचणीतही छातीकडच्या त्रासाची तक्रार होतीच. कुठे आडोशाला जायचं म्हटलं की सगळं सोडा आणि परत बांधा. चिखल रबराच्या खाचेत जाऊन बसला. हे सगळं सुधारता येण्यासारखं आहे, लेक वहीत लिहून घेत होता. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही.

संध्याकाळी चारच्या सुमाराला आमची ठरलेली मळी लावून झाली. एरवी सहा वाजतात. दादा बांधावर उभा होता, खूश होऊन म्हणाला, "आज लवकर आटपलं. मग खालची मळी पण उरकून घेऊया ना, तरवा काढलेलाच आहे." आणि मी, जी इथे बायकांच्या कष्टांवर लेख लिहीत असते, तीच मी म्हणाले, "हो हो, करून टाकू. वहिनीला कुठे दुखतंय आज?"

वहिनी काही बोलली नाही. वाकली. अंधार पडेपर्यंत लावत होती.

रात्री जेवण झाल्यावर ती चुलीपाशी पाय शेकत बसली होती. मी विचारलं, कंबर कशी आहे? म्हणाली, "कंबर नाही गो ताई दुखत. बाकी सगळं दुखतंय." आणि मग थोड्या वेळाने, "आधी कंबर दुखली की मी सांगायची, बास आता. आज सांगायला काही नव्हतं."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचं दुखणं हीच तिची थांबायची सोय होती. आम्ही ती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच दिली नाही. ३.२ मिनिटांची ९.७ मिनिटं झाली, म्हणजे त्रास कमी झाला असं वाचायचं, की माणूस तिप्पट वेळ वाकलेला ठेवता येतो असं वाचायचं? आकडा एकच आहे. कोण वाचतंय त्यावर सगळं अवलंबून आहे.

आणि स्नायूंचं दुखणं कमी झालं म्हणजे पाठ वाचली असंही नाही. आपल्या बायका लावणी करताना गुडघे जवळपास सरळ ठेवून पार खाली वाकतात. इतकं वाकल्यावर पाठीचे स्नायू आपोआप ढिले पडतात, मोजणाऱ्या यंत्रावर अगदी गप्प होतात. ही गोष्ट १९५० च्या दशकापासून शास्त्रज्ञांना माहीत आहे. मग भार कोण घेतं? मणक्यामागचे सांध्यांचे बंध आणि गादी. हे बंध तासन् तास ताणून ठेवले की सैलावतात, आणि सरळ झाल्यावर पूर्ववत व्हायला वेळ घेतात. रबरी पट्टी यातलाही थोडा भार घेते हे खरं. पण वाकून राहायचा वेळच दुप्पट-तिप्पट केला तर वाचवलेलं सगळं पुन्हा खर्च होणार, हे कळायला इंजिनिअर व्हायला नको.

सहज हिशेब केला. दोन रोपांमधलं अंतर २० बाय १५ सेंटीमीटर धरलं तर एका गुंठ्यात साधारण ३,३७० चूड लावावे लागतात. दोन गुंठे लावले की पावणेसात हजार वेळा हात चिखलात. आणि त्या सगळ्या वेळात पाठ आडवी. आई सत्तरी पार करून आठ वर्षं झाली, आज ती काटकोनात चालते. घरात कुणी तिला कधी विचारलं नाही की तुझी पाठ अशी का झाली. वय झालं, एवढंच आम्ही म्हणत आलो. मी पट्ट्याबद्दल तिला सांगितलं तर म्हणाली, "आमच्या पाठीवर इरलं होतं. पाऊस लागू नये म्हणून. दुखू नये म्हणून काय नव्हतं."

इरल्याचं मला मोठं कौतुक वाटतं. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत उलट्या होडीसारखं झाकण, दोन्ही हात मोकळे. वाकलेल्या माणसासाठी त्याहून चांगली रचना कुणी केली नसेल. पण एक गोष्ट बघा. इरलं बनवणाऱ्याने बाई वाकलेलीच असणार हे धरून चालून ते बनवलं. सरळ उभं राहिलं की इरलं गैरसोयीचं होतं! माझ्या लेकाचा पट्टाही तसाच. ती वाकलेली आहे, आता काय करता येईल? या प्रश्नापासून दोघांची सुरुवात. ती का वाकलेली आहे, हा प्रश्न त्याच्या आधीचा.

तो प्रश्न एका ठिकाणी विचारला गेला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांवर मेक्सिकन मजुरांना हातभर दांड्याची कुदळ देत असत, 'एल कोर्टिटो' म्हणजे 'बुटकी' असं तिचं नाव. तिने काम करायचं तर दिवसभर कमरेतून दुमडूनच. लांब दांड्याने पीक खराब होईल असं मळेवाले म्हणत. खरी सोय अशी होती की, लांबून नुसती नजर टाकली तरी मुकादमाला कळायचं कोण सरळ उभं राहिलंय. सरळ पाठ म्हणजे कामचुकारपणा! मजुरांनी दावा लावला, डॉक्टरांनी पाठींची साक्ष दिली, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात त्या कुदळीवर बंदी आली. लेट्यूस त्यानंतरही उगवतोच आहे. तिथे मजुरांच्या पाठीला काही बांधलं नाही. कुदळीचा दांडा लांब केला.

हसू नका, पण आमच्या मळीतही मुकादम असतो. तो दिसत नाही इतकंच. ओळीत लावणाऱ्या बायकांत जी आधी कंबर सरळ करते तिला लगेच टोमणा येतो, "काय गो, मोडली वाटतं?" मीही मारलेत असले टोमणे.

आपल्याकडे दांडा लांब करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. तिथला हलका, दातेरी वैभव विळा कापणीला कितीतरी घरांत पोहोचला. वाकणं त्याने गेलं नाही, पण मनगटाचा त्रास कमी झाला. ओळीत लावलेल्या भातात उभ्याने ढकलायचं कोळपं चालतं, बेणणीचं वाकणं त्याने वाचतं. आणि नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी जी 'एसआरटी' पद्धत बसवली तिच्यात तर चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडायची आणि थेट बी टोकायचं. टोकायला वाकावं लागतंच, पण तरवा उपटणं, मुठी वाहणं आणि चिखलात उलट्या पावली जाणं हे सगळं टळतं. आमच्या दादाला हे गेली चार वर्षं माहीत आहे. "आमच्या पाणथळ मळीत नाही जमायचं," म्हणतो. खरं असेलही. पण करून बघितलेलं नाही.

आणि आता जरा कडू लागेल असं लिहिते, दादा वाचणार आहे हे माहीत असूनही. आमच्या घरात भातशेतीत यंत्र आलं ते पहिल्यांदा कोणाच्या कामात? बैल गेले, पॉवर टिलर आला. चिखलणीला पूर्वी दिवस जायचा ते काम आता तासा-दोन तासांत होतं, आणि ते काम पुरुषांचं. लावणी बायकांची, ती आजही हातानेच. लावणीचं यंत्र आमच्या एवढ्याशा, वाकड्यातिकड्या मळ्यांत फिरत नाही हे मला मान्य आहे. पण चिखलणी लवकर उरकल्यावर जो वेळ वाचला तो बांधावर उभं राहण्यात गेला, वाकण्यात नाही गेला. ज्याला स्वतःला वाकायचं नसतं त्याला दुसरी मळी 'उरकून घेणं' फार सोपं वाटतं. मलाही त्या दिवशी सोपं वाटलं, कारण मी तासाभरातच दमून ओटीवर चहा करायला गेले होते.

मग पट्टा नकोच का? असं मी म्हणणार नाही. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, त्यातल्या किती जणांना यंत्र मिळणार आणि कधी? ज्या बाईला उद्या सकाळी वाकायचंच आहे तिच्यासाठी स्नायूंचा पस्तीस टक्के भार कमी होणं ही लहान गोष्ट नाही. वहिनीला अर्ध्या तासात जो फरक जाणवला तो खरा होता. मी तिच्या तोंडावर बघितलाय तो. लेकाने पट्टा सुधारावा, साडीवर बसेल असा करावा, चिखलात टिकेल असा करावा, आणि जिच्यासाठी करतोय तिला आधी विचारून करावा.

माझं म्हणणं एवढंच, की पट्ट्याने जे वाचतं ते पाठीच्या मालकिणीचं. ते कामाच्या हिशेबात जमा करायचं नाही. पट्टा लावून मळी चार वाजता संपली तर चार वाजता घरी यायचं. दर अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यांनी एकदम सरळ व्हायचं, म्हणजे एकटीला टोमणा नको. आणि वाकायची पाळी घरातल्या सगळ्यांनी घ्यायची, दाढीमिशीवाल्यांनीसुद्धा. हे ठरवणार नसू तर तो पट्टा म्हणजे काकू म्हणाल्या तेच, जू.

दुसऱ्या दिवशी काय झालं तेही सांगते. सकाळी वहिनीने पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि दादापुढे धरला. "आज तुम्ही लावून बघा." दादा आधी हसला. मग भाच्यासमोर नाही म्हणता येईना. पट्टा चढवून मळीत उतरला आणि आमच्या ओळीत लावायला लागला. त्याची रोपं वाकडीतिकडी, निम्मी तरंगायला लागलेली. वीसेक मिनिटांनी तो कंबरेवर हात ठेवून सरळ झाला. पट्टा असूनसुद्धा. आणि चारही बायका एका सुरात ओरडल्या, "काय ओ, मोडली वाटतं?"

खूप हसलो आम्ही. तोही हसला. पण त्या दिवशी दुपारी जेवणानंतर तो स्वतःहून म्हणाला, खालची मळी उद्या बघू.

एका दिवसाने काही बदलत नाही, मला माहीत आहे. पट्टा आता इरल्याशेजारी खुंटीला आहे. पुढच्या पावसाळ्यात एका मळीत तरी टोकणी करून बघायचं दादाने कबूल केलंय. कबूल केलंय एवढंच, कोकणी माणसाचं कबूल करणं तुम्हाला माहीत आहेच. म्हणून तर इथे लिहून ठेवलं, चार नातेवाईकांना साक्षीला ठेवून.

असो. तुमच्या घरी कुणाची पाठ वाकलेली असेल तर 'वय झालं' म्हणण्याआधी एकदा विचारून बघा, ती नक्की कशापायी वाकली. मी आईला आत्ता कुठे विचारलं. ती बराच वेळ बोलत होती.